झोप, ताण आणि ९२ ठिपके : सहसंबंधाच्या प्रोजेक्टच्या नोंदी

एम.ए. मानसशास्त्र, शेवटचं वर्ष, सोलापूर. प्रोजेक्टला सहसंबंध (दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती कमी-जास्त होतात ते सांगणारा उणे १ ते अधिक १ मधला आकडा) घेतला की सगळे म्हणतात सोपंय, दोन प्रश्नावल्या भरून घे, सॉफ्टवेअरमधे टाक, एक आकडा येतो तो लिही. तसं होत नाही. माझे कुठं कुठं दिवस गेले ते त्या त्या वेळी वहीत लिहीत होते, तेच इथं टाइप केलंय, नंतर जे कळलं तेही मधेमधे घातलंय, पुढच्या बॅचमधे कुणी हा प्रकार घेणार असेल तर निदान त्याच खड्ड्यात परत पडायला नको.

२८ नोव्हेंबर

विषय ठरला, ‘झोपेचे तास आणि जाणवणारा ताण यांच्यातील सहसंबंध’. आधी मोबाईल आणि एकटेपणा घेणार होते पण वर्गातल्या चौघींनी तोच घेतलाय. झोपेचं घरातूनच सुचलं. मामा अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात रातपाळीला असतात, सकाळी आठ-साडेआठला घरी येतात, आणि आमच्याकडं लहानपणापासून नियम आहे की दुपारी मोठ्यानं बोलायचं नाही, मामा झोपलेत. म्हणून ठरवलं नुसती कॉलेजची पोरं घ्यायची नाहीत, मागावरचे कामगार पण घ्यायचे.

गाईड मॅडम म्हणाल्या घे, पण दोन गट का घेतेस ते आजच्या तारखेला लिहून ठेव. मी लिहिलं, ‘विविधता मिळेल’. एवढंच. तेव्हा जास्त विचार केला असता तर फेब्रुवारीतले आठ दिवस वाचले असते.

किती लोक लागतील तेही आजच बघितलं. साधारण ०.३ इतका सहसंबंध असेल आणि तो सापडण्याची शक्यता ८० टक्के हवी असेल तर सुमारे ८५ जण लागतात. म्हणजे ३० जणांवर प्रोजेक्ट उरकणारे मित्र आहेत त्यांनी हे जरूर बघा, ३० मधे ०.३ बहुतेक वेळा हाताला लागतच नाही आणि मग लिहितात ‘संबंध आढळला नाही’.

५ डिसेंबर

ताणासाठी शेल्डन कोहेन यांची जाणवलेल्या ताणाची मापनी घेतली, दहा प्रश्नांची. मूळ १९८३ ची, तेव्हा चौदा प्रश्न होते, दहाची आवृत्ती १९८८ ला आली. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, एकूण ० ते ४०.

एक सावधगिरी. सहसंबंध लहान की मध्यम की मोठा हे सांगताना सगळे ०.१, ०.३, ०.५ असे टप्पे देतात, ते जेकब कोहेन यांचे. त्यांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती पण १९८८ चीच. म्हणजे रिपोर्टमधे दोन वेगळे कोहेन आणि दोघांसमोर १९८८. मी पहिल्या मसुद्यात दोघांना एकच माणूस करून टाकलं होतं, मॅडमनी पकडलं.

झोपेसाठी मी एकच प्रश्न ठेवला, ‘गेल्या आठवड्यात रोज सरासरी किती तास झोपलात?’. तयार प्रश्नावली होती पण लांब वाटली म्हणून सोडली. चुकलं. एका प्रश्नावर माप उभं केलं की माप डगमगतं, आणि डगमगत्या मापात खरा संबंध असला तरी आकडा खाली घसरतो. स्पिअरमननी हे १९०४ मधेच दाखवलेलं आहे, आम्हाला शिकवलं पण होतं, पण शिकताना ते सूत्र वाटलं, काम करताना कळलं की हे माझ्याबद्दल होतं.

११ डिसेंबर

आठ जणांवर चाचपणी. शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी घरं बरीच, त्यामुळं आमच्या शेजारच्या अक्कांना सोबत नेलं, त्या तेलुगूत वाचून दाखवायच्या. आधी अक्कांनी मराठीवरून तेलुगू केलं, मग त्यांच्या भाचीनं मूळ न बघता तेलुगूवरून परत मराठी केलं, आणि दोन्ही मराठी शेजारी ठेवून बघितलं. दोन प्रश्न पार बदलून आले होते. ते दुरुस्त केले.

ताणाच्या मापनीतले प्रश्न ‘गेल्या महिन्यात’ असे विचारलेले असतात. मागासाठी सुताची कांडी भरणाऱ्या एका काकूंनी विचारलं, “गेल्या महिन्यात म्हंजे पयल्या तारखेपासून का आजपासून मागं?” मला उत्तरच नव्हतं. बाकी सातजणांनी आपापल्या मनानं काहीतरी धरलं असणार. मग ‘आजपासून मागचे ३० दिवस’ असं सरळ लिहिलं. काढून आणलेली ५० झेरॉक्स वाया. तीन पानं, दोन रुपये पान, तीनशे रुपये. चाचपणी करायच्या आधी झेरॉक्स काढू नका.

झोपेच्या प्रश्नाला पण त्याच काकू म्हणाल्या, “सकाळी तीन तास आन दुपारी दोन, आता हे पाच धरायचं का तीन?” रातपाळीवाल्या बहुतेकांची झोप तुकड्यात असते. प्रश्न बदलला, ‘२४ तासांत सगळी मिळून किती तास’.

२० डिसेंबर

मामांच्या ओळखीनं एका कारखान्यात गेले. मालक चांगले बोलले, चहा दिला, जेवणाच्या सुट्टीत कामगारांना एकत्र बसवलं, आणि फॉर्म भरून होईपर्यंत तिथंच उभे राहिले. अकरा फॉर्म झाले. घरी येऊन बघितलं तर अकराच्या अकरा जणांना ताण जवळजवळ शून्य आणि झोप सात-आठ तास. त्यातल्या एकजणांना मी चांगली ओळखते, आमच्याच गल्लीत राहतात, त्यांना पाच तासाच्या वर झोप मिळत नाही हे सगळ्या गल्लीला माहितीये.

मालक शेजारी उभे असताना कोण लिहिणार की मला काम झेपत नाही. चूक माझी होती, मी त्यांना बाजूला व्हायला सांगायला हवं होतं, किंवा मुळात कारखान्यात जायलाच नको होतं. अकरा फॉर्म बाजूला काढले आणि का काढले ते वहीत लिहिलं. हे लिहून ठेवणं महत्त्वाचं आहे कारण नंतर आकडा हवा तसा आला नाही की माणसाला फॉर्म काढायची कारणं आपोआप सुचायला लागतात. आकडा बघायच्या आधी काढलेले वेगळे, बघून काढलेले वेगळे.

३ जानेवारी

आता घरोघरी. संध्याकाळी सहा ते साडेसात हीच वेळ, रातपाळीवाले निघायच्या आधी. एका संध्याकाळी तीन, फार तर चार फॉर्म होतात. आधी सांगते की नाव लिहायचं नाही, मालकाला दाखवणार नाही, नको वाटलं तर मधेच थांबा. दोघे मधेच थांबले पण, ते फॉर्म सोडून दिले. एका घरी फॉर्म भरताना नळाला पाणी आलं आणि सगळं घर उठून घागरी-बादल्यांच्या मागं लागलं, मी पण दोन बादल्या भरून दिल्या, मग परत बसलो. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि वेळेचा भरवसा नाही, त्यामुळं त्यांना काय बोलणार.

१९ जानेवारी

गड्ड्याचे, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेचे, मुख्य दिवस संपले. ही माझी सगळ्यात सोलापुरी चूक. विद्यार्थ्यांचा गूगल फॉर्म मी डिसेंबरअखेरीस सोडला आणि बंद करायचं डोक्यातून गेलं. संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वर यात्रा, नंदीध्वज, अक्षता सोहळा, रात्री होम मैदानावर पाळणे आणि गर्दी, त्या आठवड्यात या गावात कोण वेळेवर झोपतं. त्या दिवसांत सातजणांनी फॉर्म भरला. झोप चार तास, साडेचार तास, आणि ताण? काहीच नाही, सगळे खुशीत.

कमी झोप आणि कमी ताण असे सात ठिपके (आलेखावर एक माणूस म्हणजे एक ठिपका, आडवी झोप, उभा ताण) एकदम आले. प्रश्न गेल्या आठवड्याच्या झोपेचा, आणि तो आठवडा वर्षातून एकदाच येतो. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या काढ, पण काढून आणि ठेवून दोन्ही हिशोब परिशिष्टात दे. तसं केलं.

२५ जानेवारी

पहिला आकडा! कामगारांचे फॉर्म अजून टाइप व्हायचे होते म्हणून फक्त विद्यार्थ्यांचा काढला. एक्सेलमधे दोन रकाने घेतले, सहसंबंधाचं फंक्शन लावलं, उत्तर अधिक ०.१७. म्हणजे जास्त झोपणाऱ्याला जास्त ताण? मी दोन तास बसून याचं स्पष्टीकरण लिहिलं, की ताण असलेले लोक झोपेत पळ काढतात वगैरे, आणि मला ते पटलं पण होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, “ठिपके काढलेस का?” काढले नव्हते. तिथंच काढले. सगळे ठिपके डाव्या कडेला उभ्या रेघेत एकमेकांना चिकटलेले आणि एक ठिपका पार उजवीकडं एकटा. कुणीतरी तासाच्या जागी मिनिटं लिहिली होती, ३००.

मॅडमनी मग पाच जणांचं उदाहरण हातानं करायला लावलं, ते देते, वही काढून तुम्ही पण करा, दहा मिनिटं लागतात.

झोप ५, ६, ७, ८, ९ तास. ताण २६, २४, २५, १८, १७. झोपेची सरासरी ७, ताणाची २२. प्रत्येकाचं सरासरीपासूनचं अंतर काढा. झोपेची अंतरं उणे २, उणे १, शून्य, १, २. ताणाची ४, २, ३, उणे ४, उणे ५. जोडीजोडीनं गुणाकार करून बेरीज घेतली की उणे २४ येते. झोपेच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज १०, ताणाच्या ७०, दोन्हींचा गुणाकार ७००, त्याचं वर्गमूळ २६.४६. उणे २४ भागिले २६.४६, म्हणजे उणे ०.९१. एकदम घट्ट उलटा संबंध.

आता पहिल्या माणसाच्या ५ च्या जागी ३०० लिहा, बाकी काही बदलू नका. झोपेची सरासरी थेट ६६ होते, गुणाकारांची बेरीज अधिक ११५६ होते आणि उत्तर येतं अधिक ०.५३. माणसं तीच, ताण तोच, एका चौकोनात तास-मिनिटांचा घोळ आणि उणे ०.९१ चं अधिक ०.५३.

मला वाटलं क्रमांकावर चालणारा स्पिअरमनचा गुणांक वापरला की असल्या चुका पचून जातात. तोही करून बघितला. खऱ्या आकड्यांवर उणे ०.९०, चुकीच्या आकड्यावर अधिक ०.१०. नेहमीच्या, म्हणजे पिअरसनच्या गुणांकाइतका वाहवत जात नाही, पण चूक ती चूकच राहते.

३०० म्हणजे ५ तास हे उघड आहे, तरी मी ते ५ केलं नाही. फॉर्म निनावी, विचारायला माणूस नाही, आणि एकदा असे अंदाज सुरू केले की कुठं थांबायचं. तो फॉर्म काढला. आणखी एकानं आकड्याऐवजी ‘नीट नाही’ लिहिलं होतं, तोही. चार फॉर्म दोनदा आले होते. ७१ मधून हे सहा आणि गड्ड्याचे सात जाऊन विद्यार्थी उरले ५८.

२ फेब्रुवारी

आकडा आता शून्याच्या जवळ. काहीच नाही. वाईट वाटलं.

११ फेब्रुवारी

नऊ दिवस वाया गेले ते असे. मी तक्ते करत बसले, मुलं-मुली वेगळे, होस्टेल-घर वेगळे, कशातच काही दिसेना. शेवटी मॅडम म्हणाल्या मापनीचा अल्फा (तिचे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, जास्त असलेला बरा) किती आला. काढलाच नव्हता. जामोवीमधे काढला (फुकट आहे, लॅपटॉप जुना असला तरी चालतं), तर ०.२१, आणि खाली सॉफ्टवेअरनंच लिहून दिलं की हे हे प्रश्न एकूण गुणांच्या उलट जाताहेत, बहुतेक उलटवायला हवेत.

या मापनीत ४, ५, ७ आणि ८ हे चार प्रश्न चांगल्या बाजूनं विचारलेत, गोष्टी मनासारख्या चालल्यात का, अडचणी हाताळू शकाल असा विश्वास वाटला का, असे. तिथं जास्त गुण म्हणजे कमी ताण. ते उलटवून मगच बेरीज करायची. मी सरळ बेरीज केली होती, म्हणजे अर्धा ताण अर्ध्या निवांतपणात मिसळून टाकला होता.

उलटवताना परत चूक. मागच्या वर्षी १ ते ५ ची मापनी वापरली होती, तिथं ६ मधून वजा करायचं असतं, तेव्हा इथं ० ते ४ आहे तर ५ मधून असा हिशोब मनातल्या मनात झाला. ४ मधून करायचं असतं. आणि ही चूक सहसंबंधात दिसली नाही! कारण सगळ्यांचे गुण सारखेच चारानं वाढले, सगळे ठिपके एकदम चार घरं वर सरकले, त्यांची एकमेकांतली मांडणी तीच, आकडा जसाच्या तसा. पकडलं कशानं, तर कामगारांचे फॉर्म टाइप करताना एकाची बेरीज ४२ आली. चाळीसच्या वर जाऊच शकत नाही. तेव्हापासून प्रत्येक रकान्याचा सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा आधी बघते.

दुरुस्तीनंतर अल्फा ०.७९.

१४ फेब्रुवारी

३४ कामगार टाइप करून झाले. ५८ आणि ३४, एकूण ९२. आकडा काढला.

उणे ०.४१.

इतका आनंद झाला की मामांना उठवून सांगितलं, दुपारी, नियम मोडून. ते बिचारे उठून बसले, म्हणाले बरं झालं, आणि परत झोपले. ९२ जणांना ०.२१ च्या वर काहीही आलं तरी पाच टक्क्यांच्या पातळीवर सार्थ धरतात, म्हणजे नुसत्या योगायोगानं इतका आकडा येणं अवघड, माझा तर दुप्पट. उणे आहे म्हणजे कमजोर असं एका मैत्रिणीला वाटलं, तसं नसतं, उणे चिन्ह फक्त दिशा सांगतं, एक वाढताना दुसरं कमी दिसतंय एवढंच.

यावेळी ठिपके काढले होते. खाली उतरणारा लांबट ढग, कुठं एकटा ठिपका नाही. सगळं नीट वाटलं.

१८ फेब्रुवारी

मॅडमनी आलेख बघितला, काही बोलल्या नाहीत, खाली लिहिलं ‘दोन रंगांत काढून आण’. विद्यार्थी निळे, कामगार लाल.

काढले आणि बघतच बसले. एक लांबट ढग नव्हताच तो. दोन गोल ढग होते. निळा उजवीकडं खाली, झोप सरासरी ७.१ तास, ताण १७ च्या आसपास. लाल डावीकडं वर, झोप ५.३ तास, ताण २५ च्या आसपास. निळ्याच्या आत उतार जवळजवळ नाही, लालच्या आत पण नाही. वेगवेगळे आकडे काढले, विद्यार्थी उणे ०.१२, कामगार उणे ०.०९. दोन ढग शेजारी ठेवले आणि लांबून बघितलं की मधून एक तिरकी रेघ दिसते, ती रेघ माझं उणे ०.४१. गट लक्षात घेऊन आंशिक सहसंबंध काढला तर उणे ०.११ वर आला.

त्या संध्याकाळी जेवले नाही नीट. पण विचार केला तर आकडा खोटा नाहीये. ९२ जण एकत्र घेतले तर तो तेवढाच आहे. फक्त तो मला झोपेबद्दल जे सांगतोय असं वाटत होतं ते तो सांगत नाहीये. तो सांगतोय की मागावरचा माणूस आणि कॉलेजचा मुलगा वेगळं आयुष्य जगतात. बारा तासांची पाळी, मागाचा आवाज, पगार, घरभाडं, मुलांच्या फिया, यातलं काय काय त्या २५ मधे आहे ते मी विचारलंच नाही. झोप कमी आणि ताण जास्त, दोन्ही एकाच घरात राहतात, म्हणून कुणी कुणाला जन्म दिला असं होत नाही.

२८ नोव्हेंबरची ‘विविधता मिळेल’ ही ओळ काढून वाचली. विविधता मिळाली, पण कुणाच्या जिवावर आकडा मोठा होतोय हे आधी ठरवायला हवं होतं. गट दोन असतील तर पहिल्या दिवसापासून दोन रंग.

२० फेब्रुवारी

मॅडमनी एक जुनं उदाहरण दाखवलं, अँस्कोम्ब यांचं, १९७३ चं. चार तक्ते, प्रत्येकात ११ ठिपके, चारही ठिकाणी सरासऱ्या सारख्या, सहसंबंध चारही ठिकाणी ०.८२. चित्र काढलं की एक सरळ तिरका, एक कमानीसारखा वळलेला, एकात सरळ रेघ आणि एकच ठिपका बाहेर उडालेला, एकात सगळे एकाच उभ्या रेघेत आणि एकच लांब, माझ्या ३०० वाल्यासारखा. हे नोव्हेंबरात बघितलं असतं तर नुसतं छान म्हणून पान उलटलं असतं.

२६ फेब्रुवारी

पहिला पूर्ण मसुदा परत आला. मॅडमनी लाल पेननं फक्त एकाच गोष्टीला गोल केले होते, ‘मुळे’ ला. मोजले, तेवीस. ‘अपुऱ्या झोपेमुळे ताण वाढतो’, ‘रातपाळीमुळे’, ‘त्यामुळे’. सगळ्यात जास्त चर्चेच्या प्रकरणात.

दोन दिवस फक्त वाक्यं बदलण्यात गेले आणि हे काम वाटतं त्यापेक्षा अवघड आहे, कारण आपण बोलतोच तसं. ‘झोप कमी झाल्यास ताण वाढतो’ यात मुळे नाहीये तरी अर्थ तोच, आधी हे घडतं आणि मग ते. ‘परिणाम’, ‘प्रभाव’, ‘कारणीभूत’, सगळे त्याच घरातले शब्द. शेवटी असं जमलं, ‘ज्यांनी कमी तास झोप सांगितली त्यांचे ताणाचे गुण सरासरीनं जास्त आढळले’. लांब आहे, रुक्ष आहे, पण एवढंच मला माहिती आहे. उलट पण असू शकतं, ताण आहे म्हणून झोप लागत नाही. किंवा तिसरंच काहीतरी दोन्हीच्या मागं असेल. मी एकदाच, एकाच वेळी विचारलं, आधी काय झालं ते माझ्या फॉर्ममधे कुठंच नाही.

अजून एक वाक्य कापलं गेलं. ०.४१ चा वर्ग ०.१७, म्हणून मी लिहिलं होतं ‘१७ टक्के ताण झोपेने ठरतो’. तसं नाही. ताणाच्या गुणांत लोकांमधे जो फरक आहे त्याचा १७ टक्के भाग झोपेच्या फरकाबरोबर जुळून जातो, कुणाच्या एकट्याच्या ताणाचे शंभर तुकडे करून त्यातले सतरा झोपेचे असं नव्हे. आणि ते १७ पण दोन गट एकत्र ठेवले तरच.

६ मार्च

मी आता दुसऱ्या टोकाला गेले होते, लिहिलं की ‘गटांच्या आत संबंध नाही’. मॅडमनी तेही अडवलं. कारण एक, पल्ला. कामगारांतले जवळजवळ सगळे साडेचार ते साडेसहा तासांतच आहेत. आठ तास झोपणारा मागवाला मला भेटलाच नाही. पल्ला इतका अरुंद असला की खरा संबंध असूनही आकडा छोटाच येतो. फक्त सहा फुटांच्या वरची माणसं घेऊन उंची आणि वजनाचा संबंध बघण्यासारखं आहे ते.

कारण दोन, विश्वासांतर, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो तो पट्टा. ३४ जणांवरचा उणे ०.०९ म्हणजे ९५ टक्के अंतरात उणे ०.४२ पासून अधिक ०.२६ पर्यंत काहीही. विद्यार्थ्यांचा उणे ०.३७ ते अधिक ०.१४. एवढ्या मोठ्या अंतरात ‘नाही’ असं ठामपणे कसं लिहिणार. ‘या नमुन्यात दिसला नाही, आणि हा नमुना तो दाखवण्याइतका मोठा नव्हता’ असं लिहिलं. ८५ चा हिशोब एकत्र गटासाठी होता, प्रत्येक गटाला वेगवेगळे ८५ लागले असते हे नोव्हेंबरात डोक्यात आलं नाही.

सगळ्यांना मनापासून सांगते, आकड्याशेजारी विश्वासांतर लिहाच. नुसता उणे ०.०९ ठाम दिसतो, शेजारी अंतर लिहिलं की तो किती डळमळीत आहे ते वाचणाऱ्याला पण दिसतं.

१५ मार्च

सबमिट. खर्च, झेरॉक्स ६०० (निम्मी वाया), पेट्रोल ९००, चहा-बिस्किटं ६५०, तीन प्रती छपाई आणि बाइंडिंग १०५०. एकूण ३२०० रुपये. वेळ, साडेतीन महिने. त्यातले गुण उलटवायचे राहिले म्हणून नऊ दिवस, दोन रंगांत आधी काढलं नाही म्हणून आठ, कारखान्यातली एक दुपार आणि त्यानंतर घरोघरी फिरायच्या बारा संध्याकाळी. बारा संध्याकाळी मात्र वाया गेल्या म्हणणार नाही. त्याच कामातला सगळ्यात चांगला भाग होत्या.

२ एप्रिल

तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या सरांनी दोन रंगांचा आलेख उघडून ठेवला आणि वीस मिनिटं त्यावरच बोलले. ०.४१ बद्दल काही विचारलं नाही.

५ एप्रिल

ऊन चाळीसच्या पुढं. संध्याकाळी अक्कांना घेऊन पूर्व भागात परत गेले, ज्या घरी फॉर्म भरले तिथं काय निघालं ते सांगायला, भरून घेताना तसं कबूल केलं होतं. बहुतेकांना फार उत्सुकता नव्हती, चहा मात्र सगळीकडं झाला. कांडीवाल्या काकूंनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग जास्ती झोपलं की ताण कमी हुतो म्हन की.” मी म्हटलं काकू, ते माझ्या कागदावरून सांगता येत नाही, एवढंच दिसलं की तुमच्याकडं झोप कमी आहे आणि ताण जास्त आहे.

काकू म्हणाल्या, “ते तर तू न इचारताच सांगितलं असतं.” मग म्हणाल्या पाण्याच्या दिवशी सगळ्यांचीच झोप जाते आणि घरात भांडणं पण त्याच दिवशी, मागावरचा असो नाहीतर बँकेतला, “ते इचारलंस का?”

नव्हतं विचारलं. तीन जानेवारीला त्यांच्या शेजारच्याच घरात मी स्वतः दोन बादल्या भरल्या होत्या तरी.

जूनमधे येणाऱ्या बॅचमधली एक मुलगी हाच विषय पुढं नेणार आहे, यावेळी एकाच गटावर, आणि एका प्रश्नाऐवजी सात दिवसांची झोपेची नोंदवही घेऊन. तिला फॉर्म, एक्सेल आणि ही वही दिली. नोंदवहीच्या पानावर रोजच्या झोपेच्या खाली एक रकाना पेननं आखून दिला, ‘आज नळाला पाणी आलं का? किती वाजता?’